आधी कुणी बोलायचं, आण्णा?

आण्णा, उद्या तुमचं तेरावं आणि मी येणार नाही. तुमच्या घरी काकूंना अजून सांगायचंय, तुम्हाला आधी सांगते. उद्या सकाळी दहा वाजता इस्पितळाची रस्त्यापलीकडची नवी इमारत आपल्या रक्तपेढीच्या कॉम्प्युटरला जोडायची आहे. बाळंतिणींचा सगळा विभाग तिकडे हलतोय. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मेलेलं मानूस कुटं पळून जातंय व्हय? आदी बाळंतीन बग." म्हणून मी इथे मिरजेत, रक्तपेढीमागच्या त्या अरुंद खोलीत तुमचा प्रोग्राम उघडून बसले आहे. बाहेर टळटळीत दुपार आहे. रडायचं ते रडून झालं. आता एक गोष्ट ठरवायची आहे आणि तुमच्याशी भांडल्याशिवाय मला काही ठरवता येत नाही, ही सवय तुम्हीच लावलीत.

पाच वर्षांपूर्वी सांगलीहून डिप्लोमाचा कागद घेऊन मी तुमच्या साताऱ्यातल्या दुकानात आले. चोवीस वर्षं फौजेत वायरलेसवर काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि शिकवतो, एवढंच ऐकून होते. मी नाव सांगितलं, मंगल. पुढे आडनाव सांगायला तोंड उघडलं, तर तुम्ही हात वर केलात. "ते ऱ्हाऊ दे. वायर सोलता येती का, दाव." मी वायर दातांत धरली. तुम्ही ओरडलात, "दात लाडवाला ठेव! पक्कड कशाला हाय?" आडनाव विचारून मग आवाज बदलणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली होती. पकडीवरून ओरडणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं. मला तिथेच बरं वाटलं, पण तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. तुम्ही शेफारला असता.

मग हे मिरजेचं काम आलं आणि मी इथेच राहू लागले. रक्तपेढी इस्पितळाच्या एका टोकाला, ऑपरेशन थिएटर मधे, अपघात विभाग दारापाशी आणि बाळंतिणी पार मागे. कुणाला कुठल्या गटाची बाटली हवी, हे विचारायला एकच फोन आणि तो कायम लागलेला. आपण ठरवलं, प्रत्येक ठिकाणी एक मशीन ठेवायचं आणि सगळी एका वायरने जोडायची. बाटल्यांचा खरा हिशेब फक्त रक्तपेढीच्या मशीनकडे राहील, तो सर्वर. बाकीच्यांनी त्याला विचारायचं, ते क्लायंट. एक सांगणारा आणि बाकी विचारणारे, एवढीच ती गोष्ट. पण आधी तोंड कुणी उघडायचं, इथे आपलं बिनसलं.

खरं तर पहिल्या वेळी बिनसलंच नाही, तीच चूक झाली. तुम्ही टेबलावर खडूने मधे एक गोल काढलात आणि भोवती तीन. "फौजेत आसंच असतंय. मधला कंट्रोल. त्यो एकेकाला हाक मारनार. ज्याला हाक आली त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी कान लावून गप. समदी एकदम बोलाय लागली तर कुनाचंच कळत न्हाई." मी पुस्तकात उलटं वाचलं होतं. सर्वर हाका मारत फिरत नाही, तो कान उघडे ठेवून बसून राहतो आणि ज्याला गरज आहे तो क्लायंट आपण होऊन येतो. हे मला माहीत होतं. पण सुभेदारांना कोण सांगणार? मीही हाक येण्याची वाट बघत बसले.

प्रोग्राम सुरेख चालला. थिएटरला हाक, अपघाताला हाक, बाळंतिणींना हाक, परत थिएटर. तुम्ही मिशीला हात लावून पडद्याकडे बघत उभे राहायचात, जणू परेड चाललीय. अकराव्या दिवशी अपघात विभागात कुणीतरी मशीनची पिन काढून तिथे टेबलफॅन लावला. उकाडा होता, बिचाऱ्याचं काय चुकलं? सर्वरने अपघात विभागाला हाक मारली आणि उत्तराची वाट बघत थांबला. तो थांबलाच. पुढचा नंबर बाळंतिणींचा होता, तो काही येईना. तिकडे एका बाईला रक्तस्राव सुरू झालेला. सिस्टरने ओ निगेटिव्हच्या दोन बाटल्या टाइप केल्या होत्या आणि पडदा सांगत होता, थांबा. सिस्टर शिस्तीची बाई. मशीन थांबा म्हणतंय म्हणून ती दहा मिनिटं थांबली. मग चपला तिथेच टाकून सगळं आवार ओलांडत पळत इथे आली.

ती बाई वाचली. दहा मिनिटं आणखी गेली असती तर वाचली नसती, असं मोठ्या डॉक्टरीणबाई आपल्या दोघांना समोर उभं करून म्हणाल्या. मी खाली मान घालून फरशा बघत होते. तुम्ही ताठ उभे होतात. "मॅडम, चूक माजी हाय. या पोरीला बराबर ठावं हुतं. म्या तिला इचारलं न्हाई आन ती भ्याली." त्यांनी विचारलं, "मग आता?" तुम्ही म्हणालात, "आता ती शिकवनार आन म्या शिकनार."

आणि खरंच शिकलात, आण्णा. पन्नाशीचा माणूस स्टुलावर वही घेऊन बसला. "आजपास्नं तू उस्ताद," म्हणालात आणि तेव्हापासून मला उस्ताद म्हणूनच हाक मारलीत. मला लाज वाटायची आणि मजाही वाटायची. मी सांगायची, सर्वरने आधी आपला पत्ता ठरवायचा, मग दाराशी कान लावून बसायचं. कुणी आलं की त्याच्याशी बोलायला एक वेगळा माणूस नेमून द्यायचा आणि आपण परत दाराशी. म्हणजे एक जण अडला तरी दुसरा खोळंबत नाही. तुम्ही पेन्सिल कानावर ठेवून बराच विचार केलात. "म्हंजी सर्वर सायेब न्हाईच. सायेबाच्या दाराम्होरचा अर्डली हाय." मी म्हटलं, आता कसं बोललात! त्यानंतर आपला प्रोग्राम एकदाही अडला नाही. कुणालाही कधीही विचारता येतं, कुणाला नंबर लावावा लागत नाही. मला त्याचा केवढा अभिमान होता, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याच अभिमानाने पुढे घात केला.

गेल्या वर्षी साताऱ्याहून मिरजेला पॅसेंजरने येताना तुम्ही खिडकीशी बसून एकदम म्हणालात, "उस्ताद, त्या सर्वरला एक ठावं नसतंय बग. समोरचा जित्ता हाय का मेला." मी म्हटलं, म्हणजे? "म्हंजी वार्डातलं मशीन बंद पडलं, वायर तुटली, सिस्टर एकटी हाय आन तिचे दोनी हात गुतल्यात. सर्वरला काय वाटंल? कुनी काय मागत न्हाई म्हंजी समदं झ्याक चाललंय." मी म्हणाले, ज्याला गरज आहे तो मागेल, नाहीतर फोन करेल. तुम्ही मान हलवलीत. "पंगतीत वाढपी कोपऱ्यात हुबा ऱ्हाऊन मागायची वाट बगतो का? त्यो पानाकडं बगत फिरतो. बुजरं मानूस मागत न्हाई." समोरच्या बाकावर मांडीवर भाजीची बुट्टी घेतलेल्या मावशी होत्या. त्यांना सर्वर ठाऊक नाही की क्लायंट, पण त्या तुमच्या बाजूने पडल्या. "व्हय ओ. माज्या धाकट्या जावंचं तसंच हाय. इचारलं न्हाई तर उपाशी उठंल, पर मागनार न्हाई." अख्खा डबा हसला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

आणि मी ते बोलले. सगळ्यांसमोर बोलले. "आण्णा, माझे आजोबा पाटलाच्या दारात हाक येईपर्यंत उन्हात उभे राहायचे. हाक आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही शिस्त आम्हाला तीन पिढ्या पुरली. मी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये कुणी कुणाच्या हाकेची वाट बघणार नाही." तुम्ही पाटलांच्याच घरातले. डब्यात कुणाला ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं आणि मी नेम धरूनच बोलले होते. कऱ्हाड गेलं, किर्लोस्करवाडी गेली, सांगली आली, आपण दोघं बोललो नाही.

मिरजेच्या फलाटावर उतरल्यावर तुम्ही थांबलात. "हाकंची वाट कुनी बगू ने, हे तुजं खरं हाय. माज्या घरानं ते केलं, तेबी खरं हाय. पर मंगल, बोलायचा हक्क असून बी एकांद्याला बोलताच येत न्हाई. त्याचं काय करायचं?" मी म्हणाले, "ते सर्वरचं काम नाही." आणि पुढे चालू लागले. आण्णा, तेव्हा तुम्ही उस्ताद म्हणाला नव्हतात, मंगल म्हणाला होतात. ते मला आत्ता आत्ता आठवलं.

माफी मागायची राहिली. उद्या मागू, पुढच्या फेरीला मागू, असं म्हणत वर्ष गेलं. तुम्ही तर काही झालंच नाही असं वागलात. दर शनिवारी अकराच्या सुमाराला इथला फोन वाजायचा. "रक्तपेढी जित्ती हाय का?" मी म्हणायची, आहे. मग तुम्ही वायरींची चौकशी करायचात, माझ्या वडिलांच्या गुडघ्याची करायचात. चार वर्षांत एकही शनिवार चुकला नाही आणि चार वर्षांत मी तुम्हाला एकदाही आपण होऊन फोन केला नाही. तसं काही ठरलेलं नव्हतं. तुम्ही करायचात, मी घ्यायची.

दिवाळीनंतर तुमचं पाकीट आलं. प्रोग्रामचा छापील कागद, त्यात पेन्सिलीने वीसेक ओळी घातलेल्या. कुठलाही वॉर्ड बराच वेळ गप्प राहिला तर सर्वरने आपण होऊन विचारायचं, आहात का? शेजारी लिहिलं होतं, "उस्ताद, नवी इमारत रस्त्यापल्याड लांब हाय. सिस्टर पळत न्हाई येऊ शकणार." मी त्यावर लाल फुली मारली, खाली लिहिलं "गरज नाही" आणि परत पाठवून दिलं. त्यानंतरच्या शनिवारी फोन आला नाही. मी मनात म्हटलं, रुसले. त्याच्या पुढच्या शनिवारीही आला नाही. म्हटलं, तुमच्या शेतावर ऊसतोड चालू असेल, कारखान्याच्या ट्रॉल्या दारात असतील, कुठला वेळ मिळतोय? फोन माझ्या हाताशी होता, आण्णा. या इथे, या टेबलावर. पण ज्याला बोलायचंय तो बोलेल, हा माझा नियम.

त्यानंतरच्या मंगळवारी काकूंचा निरोप आला. मी साताऱ्याला पोहोचले तेव्हा तुम्हाला नेलेलंही होतं. काकूंनी मला आतल्या खोलीत जवळ बसवलं आणि सांगितलं. बारा दिवस दवाखान्यात होतात, हृदयाचा झटका. "रोज सांजच्याला डबा घिऊन गेले की इचारायचे, मंगलचा फोन आल्ता का? मी म्हनायची, न्हाई. तिला कळवू का? तर म्हनायचे, नगं, नवी इमारत जोडायची हाय, घाबरंल. सोताहून करती का बगू." काकू पुढे म्हणाल्या, "पर चिडलं न्हाईत हो. हसत हुते. म्हनले, ती न्हाई करायची, तिचा तसा रूल हाय."

आण्णा, तुम्ही हसलात हे मला सोसत नाही. शिव्या दिल्या असत्यात तर बरं झालं असतं. बारा दिवस तुम्ही साताऱ्यात गप्प पडून होतात आणि मी मिरजेत समजत होते की सगळं झ्याक चाललंय. तुम्ही गाडीत जे सांगत होतात ते असं कळायला नको होतं. पण मला समजावून सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे तुम्हीच दहादा म्हणाला होतात.

तर आता ऐका, मी काय केलंय ते. सकाळपासून तुमच्या त्या वीस ओळी घेऊन बसले होते. माझ्या लाल फुलीसकट तो कागद काकूंनी मला दिला, तुमच्या उशाशी होता. त्या ओळी मी घातल्या आहेत. पण जशाच्या तशा नाही. तुमची खोड जात नाही, आण्णा, सर्वरने "आहात का" विचारलं की तुम्ही त्याला पुन्हा उत्तर येईपर्यंत उभं केलंत. म्हणजे पुन्हा तो टेबलफॅन आणि पुन्हा ती दहा मिनिटं! ते मी चालू देणार नाही. आता सर्वर विचारतो आणि न थांबता आपलं काम करत राहतो. तीनदा विचारून उत्तर आलं नाही, तर रक्तपेढीच्या पडद्यावर त्या वॉर्डाचं नाव येतं आणि घंटी वाजते. मग इथल्या माणसाने फोन उचलायचा, फोन लागला नाही तर उठून चालत जायचं. आणि ज्याला मागायचंय त्याला पूर्वीसारखंच कधीही मागता येईल. हाकेची वाट कुणीही बघणार नाही. तेवढं माझं खरं होतं आणि ते मी सोडणार नाही. गप्प बसलेल्याची चौकशी करणं हेही सर्वरचं काम आहे, हे तुमचं खरं होतं. दोन्ही एका प्रोग्राममध्ये बसतात. वर्षभर भांडलो त्याऐवजी एक दिवस शेजारी बसलो असतो तर तेव्हाच बसली असती.

बारा वाजता तपासून पाहिलं. बाळंतिणींच्या सिस्टरला म्हटलं, मला न सांगता तुमच्या मनाला येईल तेव्हा पिन काढा. ही तीच सिस्टर, चपला टाकून पळत आलेली. अर्ध्या तासाने इथे घंटी वाजली. मी आवार ओलांडून गेले तर ती दारातच उभी होती, हातात पिन. "लगेच कळलं गं तुला," ती म्हणाली. मी म्हटलं, सुभेदारांना कळलं. तिने तोंड फिरवलं. चार वेळा पिन काढली, चारही वेळा घंटी वाजली. उद्या दहा वाजता नवी इमारत जोडेन. मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणतील की सारखी घंटी वाजून लोक कंटाळतील, बंद करा. मी बंद करणार नाही. त्यांच्यासमोर फरशा न बघता ताठ उभी राहीन, कसं राहायचं ते पाहिलेलं आहे.

प्रोग्रामच्या माथ्यावर तुमचं नाव तसंच ठेवलंय. तुमची पद्धत, पहिल्या ओळीत नाव आणि त्याखाली घरचा फोन नंबर. काही बिघडलं तर कुणाला विचारायचं ते कळावं म्हणून. आज पहिल्यांदा तो नंबर नीट वाचला. मला तो पाठ नाही, असणार कुठून?

आज इथला फोन वॉर्डांसाठी मोकळा ठेवायला हवा होता. कागद घेऊन समोरच्या एसटीडी बूथमध्ये गेले आणि फिरवला. बऱ्याच वेळाने उचलला गेला. मागे भांड्यांचा आवाज, बायकांची बोलणी, कुणीतरी पाट मोजत होतं.

"कोन?"

"काकू, मी मंगल. मिरजेहून."

"काय झालं गं? काय काम निघालं?"

"काम काही नाही. उद्या मला यायला जमणार नाही, ते सांगते पुढे. आधी तुम्ही सांगा, कशा आहात? झोप लागते का?"

पलीकडे भांडी वाजत राहिली. बूथमधला लाल आकडा पुढे सरकत होता. मी फोन ठेवला नाही.

"न्हाई गं लागत," काकू म्हणाल्या. "बारा दिस झालं, घर मानसांनी भरलंय. आज तू पैली इचारलंस."